वायर काढणाऱ्या मॅडम

काही माणसं गेल्यानंतरही प्रकाश देत राहतात. वानखडे मॅडमच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे, कारण बियाण्याच्या गोदामातल्या त्यांच्या फोटोला मालक भाऊसाहेबांनी लाल-हिरव्या दिव्यांची माळ लावली आहे. माळ चमकते, विझते, पुन्हा चमकते. फोटोत मॅडमच्या कपाळावर आठी आहे. फोटो काढणाऱ्याला त्यांनी "आटप आता" म्हटलं असणार. गोदामात पहिल्यांदा येणारा माणूस फोटोसमोर हात जोडतो. जुना माणूस आधी भिंतीवरच्या प्लगकडे पाहतो, वायर कशाची लागली आहे ते. ती सवय मॅडमनी लावली.

मॅडमना मी उभ्या नोकरीत बहुतेक वेळ रागावलेलंच पाहिलं. रिसोडला आम्ही एकाच कनिष्ठ महाविद्यालयात होतो. मी मराठी शिकवायचो, त्या वाणिज्य शाखेला पुस्तपालन. शांत असल्या की त्या पुस्तकी मराठी बोलत आणि राग आला की वऱ्हाडी. त्यामुळे त्यांचं पुस्तकी मराठी माझ्या वाट्याला फारसं आलं नाही.

त्यांची एक खोड तालुक्यात प्रसिद्ध होती. कुठलंही यंत्र दाखवायला नेलं की त्या आधी भिंतीकडे जायच्या आणि त्याची वायर काढायच्या. कॉलेजात अंगठा लावून हजेरी घेणारं यंत्र आलं, तेव्हा प्राचार्यांनी आम्हाला गोळा करून त्याचं गुणवर्णन सुरू केलं. "हे यंत्र म्हणजे शिस्तीचं नवं युग आहे" इथपर्यंत ते आले होते. मॅडमनी वायर काढली. युग विझलं.

"अहो मॅडम!"

"चालू असलं तं सारेच हुशार असतात, सर. बंद पडल्यावर काय करते, थे पाहू द्या."

वायर परत लावली तेव्हा यंत्र जागं झालं, पण त्याच्या मते साल दुसरंच होतं आणि आम्ही सगळे गैरहजर होतो. प्राचार्यांनी विषय बदलला. मॅडमनी जावयाने दिवाळीला आणलेल्या टीव्हीचीही वायर अशीच, जावयासमोर, काढली होती. टीव्ही पास झाला. जावई मात्र पुढे बरेच दिवस सासूबाई आणि भिंत यांच्या मधे बसायचा.

लोक हे किस्से हसत सांगतात. मीही सांगतो. पण ही खोड कुठून आली ते सांगताना हसू येत नाही.

अंगठ्याच्या यंत्राआधी कॉलेजने एकदा प्रवेश, दाखले, निकाल असं सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर बाहेरच्या एका माणसाकडून घेतलं होतं. आमच्या मुलांची सगळी माहिती त्याच्याकडच्या मशीनवर जाई आणि आम्ही ती इंटरनेटवरून पाहायची. उद्घाटन झालं, पेढे वाटले, संगणकाला हार घातला. पुढे संस्था आणि तो माणूस यांच्यात काहीतरी बिनसलं. बरोब्बर निकालाच्या दिवसांत पडदा लाल झाला आणि त्यावर 'आपली सेवा स्थगित आहे' असं आलं. जुनं रजिस्टर लिहिणं तोवर बंद केलं होतं, कारण युग नवं होतं.

सुनंदा खिल्लारे म्हणून एक मुलगी होती. तिला नर्सिंगला प्रवेश मिळत होता, फक्त शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. ती रोज खेड्यावरून जीपने यायची आणि दाखल्याचा अर्ज घेऊन खिडकीपाशी उभी राहायची. खिडकीतला बाबू तिला लाल पडदा दाखवायचा, जणू त्यात तिचीच काही चूक असावी. मॅडम त्या माणसाला फोन करत होत्या, संस्थेच्या पायऱ्या चढत होत्या, हाताने दाखला लिहून सही मागत होत्या. हाताने लिहिलेला दाखला नियमात बसत नव्हता. पडदा पूर्ववत झाला तोवर प्रवेशाची मुदत संपली होती. दाखला मात्र फार सुंदर छापून आला. चारही बाजूंनी वेलबुट्टी होती.

त्या दिवशी मॅडम स्टाफरूममध्ये उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "पोरगी आमची, मार्क तिचे, सही प्राचार्याची. अन् कुलूप कोनाचं?"

सगळे कपांकडे वळले. चहा आला होता. मॅडमचं वायर काढणं त्यानंतरचं.

वानखडे मॅडम रागीट होत्या, असं गावात सांगतात. सुनंदाचं वर्ष गेलं तेव्हा जे शांत बसले, त्यांना समंजस म्हणतात. मला हा हिशेब अजून लागलेला नाही.

निवृत्त झाल्यावर मॅडम बाजाराच्या मागच्या रस्त्यावरच्या बियाणे गटात गेल्या. आसपासच्या गावांतल्या बायकांनी मिळून काढलेला हा गट. आपापल्या शेतातलं निवडक सोयाबीन बियाणं म्हणून राखायचं, चाळायचं, पिशव्या भरायच्या आणि पेरणीच्या आधी विकायचं. मॅडम हिशेब पाहायच्या आणि मला त्यांनी इतिवृत्त लिहायला ओढलं, कारण मी "शुद्ध लिहितो आणि मध्ये बोलत नाही." सुनंदा तोवर लग्न होऊन तिथल्याच एका गावी आली होती. ती पिशव्या शिवायची. मॅडमनी तिला गटात पाहिलं आणि पिशव्यांवरून उठवलं. दुसऱ्या दिवसापासून सुनंदा गोदामातल्या जुन्या संगणकावर शिकायला बसू लागली.

गोदाम भाऊसाहेबांचं होतं. त्यामुळे ते गटाचे 'संस्थापक मार्गदर्शक' होते. गटाची स्थापना बायकांनी केली होती आणि मार्गदर्शन कोणी मागितलं नव्हतं, पण फलकावर त्यांचं नाव गटाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात होतं.

बियाण्याच्या धंद्यात बिल ही साधी गोष्ट नसते. प्रत्येक पिशवीला लॉट नंबर असतो, म्हणजे ती कुणाच्या शेतातली, कधी भरली, हे सांगणारा आकडा. तो बिलावर लागतोच. एखाद्याने पेरलं आणि उगवलंच नाही, तर तक्रार येते. बिल हाताशी असलं तर कुठला लॉट ते कळतं आणि बाकीच्या सुटतात. बिल सापडलं नाही तर सगळ्याच बायका खोट्या ठरतात आणि मग पुढच्या वर्षी त्यांच्या दारात कोणी येत नाही. वहीवर हे झेपेना. सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं.

भाऊसाहेबांनी लगेच बाहेरगावचा एक सल्लागार आणला. टोकदार बूट, गळ्यात ओळखपत्र. ओळखपत्र त्याच्याच कंपनीचं होतं आणि कंपनीत तो एकटाच होता. त्याने पडद्यावर रंगीत वर्तुळं दाखवली. सगळं त्याच्याकडच्या मशीनवर राहणार, दरवर्षी वर्गणी द्यायची, चिंता नाही.

मॅडमनी विचारलं, "वर्गणी थांबली तर आमची बिलं आम्हाला परत कशी मिळतील?"

शांतपणे विचारलं होतं, पुस्तकी मराठीत. मला तेव्हाच धोक्याची जाणीव झाली.

"थांबेल कशाला मॅडम? पॉझिटिव्ह विचार करा."

"काहून करू?" मॅडम म्हणाल्या. "कायले करू पॉझिटिव्ह विचार? मी काय ध्यानाले बसली का इथं? बिलं परत कशी भेटतीन थे सांग."

त्याने वर्तुळं पुन्हा दाखवली.

मग मॅडमनी आपला विचार मांडला. आपल्याच गोदामातल्या जुन्या संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर घ्यायचं. माहिती आपल्या घरात राहणार. आणि घ्यायचं तेही असं, की ज्याची आतली रचना कोणालाही उघडून पाहता येते, दुरुस्त करता येते. अशी सॉफ्टवेअर जगभरची माणसं मिळून बनवतात आणि मोकळी ठेवतात.

"म्हणजे फुकट," भाऊसाहेब म्हणाले. "मॅडम, फुकटच्या वस्तूले इज्जत नसते."

"मोकळं म्हनलं मी, फुकट नाही. मोकळं म्हनजे पोतं सोडून हात घालून पाहता येते. शिवलेल्या पोत्यातलं बियाणं न पाहता घेसान का तुमी?"

बायका हसल्या. त्यांच्यात द्वारकाबाई म्हणून वयाने सगळ्यांत मोठी बाई होती. ती म्हणाली, "म्हनजे घरच्या बियान्यासारखं झालं थे. दरसाली पिशवीसाठी कोनाच्या दारी जा लागत नाही."

"बस," मॅडम म्हणाल्या. "हेच मले एवढ्या वेळात सांगता येऊन नाही राह्यलं."

तेव्हापासून त्या सॉफ्टवेअरला आमच्याकडे 'घरचं' हेच नाव पडलं. भाऊसाहेबांचा समज शेवटपर्यंत असा होता, की मॅडमनी ते घरी बनवलं.

पण घरचंही एक नव्हतं. इंटरनेटवर शोधता तीन हाती लागली, आणि त्यातलं कुठलं घ्यायचं, यात मॅडमचा खरा कस लागला. बायकांनी त्यांना नावं ठेवली होती: पाकीटवालं, बिलवालं आणि सगळंवालं.

घरचं बियाणं पेरण्याआधी बायका ते तपासतात. ओल्या गोणपाटावर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, काही दिवसांनी उलगडून पाहायचं की किती उगवले. मॅडमनी सॉफ्टवेअरचं तेच केलं. मागच्या हंगामाची तीच ती बिलं तिन्हींत भरायला लावली. मग एक बिल अर्धं लिहून झालेलं असताना भिंतीपाशी गेल्या आणि वायर काढली.

"आता लाव," त्या सुनंदाला म्हणायच्या. "उलगड. पाहू, किती उगवते."

सगळंवाल्यात खरोखर सगळं होतं. साधी एक पिशवी विकायची तरी ते आधी विभाग विचारायचं, उपविभाग विचारायचं, मंजुरी कोणाची ते विचारायचं. सुनंदाने एकदा सगळीकडे द्वारकाबाईचं नाव टाकलं, तेव्हा कुठे एक पिशवी हलली. वायर काढून लावल्यावर ते इतक्या वेळाने उठलं, की द्वारकाबाई तेवढ्यात एक पोतं चाळून आली. "लय जड जेवन झालेलं दिसते याले," ती म्हणाली. ते बाद झालं.

पाकीटवाल्यावर मॅडमचा जीव जडला होता. आलेला पैसा खर्च व्हायच्या आधीच वेगवेगळ्या पाकिटांत वाटून टाकायचा, अशी त्याची रीत. हे भाड्याचं, हे पिशव्यांचं, हे चहापाण्याचं. बायका स्वयंपाकघरात वेगवेगळ्या डब्यांत पैसे ठेवतात तसंच. दिसायलाही देखणं होतं आणि वायर काढली तरी एक अक्षर हललं नाही. पण ते एका घराचा खर्च बघण्यासाठी बनलेलं होतं. त्याला गिऱ्हाईक ठाऊक नव्हतं आणि बिल फाडता येत नव्हतं. मॅडमनी बरेच दिवस त्याला बिल शिकवायचा प्रयत्न केला. लॉट नंबर पाकिटाच्या नावात घालून पाहिला. गिऱ्हाइकालाच पाकीट करून पाहिलं. रोज संध्याकाळी त्या सॉफ्टवेअरवर, सुनंदावर आणि माझ्यावर चिडून घरी जायच्या. माझा यात काही संबंध नव्हता. शेवटी एक दिवस स्वतःच म्हणाल्या, "आवडलं म्हनून पेरता थोडंच येते? काढून टाक." आणि ते निघेपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

बिलवालं करड्या रंगाचं, ओबडधोबड. बिलापलीकडे त्याला काही येत नव्हतं. पण वायर काढून लावली की सगळी बिलं उगवायची, अर्धवट लिहिलेलंसुद्धा. मॅडम पहिल्यांदा हसल्या. मग पहिलं बिल छापून आलं आणि द्वारकाबाई भडकली.

द्वारकाबाईला वाचायला येत नाही. फक्त आपलं नाव तेवढं तिला अक्षराच्या वळणावरून ओळखू येतं. बिलावर पिकवणारीचं नाव छापायचं ठरलं होतं. त्यात पहिलं जोडाक्षर फुटलं होतं. द चा पाय मोडून वा बाजूला पडला होता.

"हे माहं नाव नाही."

"तुमचंच आहे आजी," सुनंदा म्हणाली, "मशीनले जोडाक्षर नाही जमत."

"नाही जमत म्हनजे? माह्या नावाचे तुकडे करते का थे? हात मोडल्यावानी दिसून राह्यलं. घ्या परत."

सल्लागार तेव्हा भाऊसाहेबांबरोबर चहा प्यायला आलाच होता. तो म्हणाला, "आमच्यातही तसंच येतं, आजी. कंपनी पुढच्या व्हर्जनमध्ये बघेल." कंपनी म्हणजे तोच हे मी आधी सांगितलं आहे.

मॅडमनी पुण्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता त्याला रागावायला सुरुवात केली. तो बिचारा ऐकत होता. मग त्याने समजावून सांगितलं, की छापायची अक्षरं सॉफ्टवेअरच्या कुठल्या कप्प्यात ठेवलेली असतात आणि तिथे मराठी नीट जोडणारी दुसरी अक्षरं कशी ठेवायची. पोतं मोकळं होतं, हात घालता आला. सुनंदाने ते फोनवर ऐकत ऐकत केलं. संध्याकाळी प्रिंटरमधून कागद आला, त्यावर द्वारकाबाई अख्खी होती. तिने कागद उजेडाकडे धरून नीट पाहिला, घडी केली आणि पोलक्यात ठेवला. ते बिल गिऱ्हाइकाचं होतं. त्याला दुसरं छापून दिलं.

इतिवृत्तात मी निवडीचं कारण लिहिलं: 'द्वारकाबाईंचं नाव अखंड छापलं जातं.'

"असं कसं लिहिता सर?" भाऊसाहेब म्हणाले. "काहीतरी तांत्रिक लिहा."

"हे तांत्रिकच आहे," मॅडम म्हणाल्या.

भाऊसाहेबांचं खरं दुःख निराळं होतं. घरच्या सॉफ्टवेअरला खोकं नव्हतं, फीत नव्हती, येणारा पाहुणा नव्हता. "उद्घाटन कशाचं करायचं मग?" असं त्यांनी मला दोनदा एकांतात विचारलं. दसऱ्याला ते नारळ घेऊन संगणकाकडे आले, तर मॅडम आडव्या उभ्या राहिल्या. "त्याले पानी पाजू नका भाऊसाहेब. थे कोरड्या तोंडानं बरं चालून राह्यलं." नारळ बाहेर उंबऱ्यावर फुटला. हा अपमान ते विसरले नाहीत.

आपल्याकडे माणसाला काढायचं असलं की त्याचा सत्कार करतात. पुढच्या उन्हाळ्यात भाऊसाहेबांनी मॅडमचा सत्कार ठेवला.

गोदामातच मांडव घातला. मोठा कूलर आणला, भोंगा आणला. टोकदार बूट पहिल्या रांगेत होते. भाऊसाहेबांनी मॅडमना नवरत्न म्हटलं, दीपस्तंभ म्हटलं, आणि शाल घालून झाल्यावर जाहीर केलं, की मॅडमनी आता विश्रांती घ्यावी. गटाचं कामकाज उद्यापासून एका अत्याधुनिक प्रणालीवर जाईल आणि त्या प्रणालीला 'विमल' हे मॅडमचंच नाव देण्यात येईल. सल्लागार उठून नमस्कार करू लागला. टाळ्या वाजल्या. ज्यांनी वाजवल्या ते सगळे गटाबाहेरचे होते.

मला इतका राग क्वचित आला असेल. बाईच्या हातातून बाईचं काम काढून घ्यायचं आणि त्यावर तिचंच नाव घालायचं. मी पहिल्या रांगेत बसून हातातल्या गुलाबाच्या पाकळ्या मोडत होतो. माझा राग असाच असतो, त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

मॅडम भाऊसाहेबांकडे पाहतच नव्हत्या. त्या कोपऱ्यात पाहत होत्या. तिथे त्यांचा संगणक काळा पडला होता. गोदामात भिंतीला प्लग लावायची जागा एकच. मांडववाल्याने संगणकाची वायर काढून तिथे कूलर आणि भोंगा जोडला होता. सुनंदा तेव्हा एक बिल करत होती, ते अर्धंच राहिलं होतं.

त्या उठल्या. खांद्यावर शाल, हातात नारळ. भाऊसाहेब "दीपस्तंभ" दुसऱ्यांदा म्हणत होते. मॅडम भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी वायर काढली. दीपस्तंभाचा 'दी' भोंग्यातून आला, बाकीचा भाऊसाहेबांच्या तोंडातच राहिला. कूलर घरघरत थांबला.

"मॅडम, कार्यक्रम चालू आहे!"

"थोच बंद केला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी संगणकाची वायर लावली आणि सल्लागाराकडे वळल्या. "दादा, मांगच्या साली तुले एक इचारलं होतं. या बाया उद्या तुह्याकडून निघाल्या, तं त्याईची बिलं त्याईले कशी भेटतीन?"

तो म्हणाला, "त्यासाठी रीतसर अर्ज करता येतो, मॅडम."

खिडकीचा, लाल पडद्याचा, जीपने येणाऱ्या मुलीचा सगळा इतिहास 'अर्ज' या एका शब्दात होता आणि तो तिथल्या दोघी-तिघींनाच माहीत होता. सुनंदा खुर्ची ओढून संगणकासमोर बसली. "मी एकदा केला होता अर्ज," ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली.

मग मागून द्वारकाबाई उठली. "अन् माह्या नावाचा हात बसला का रे तुह्याकडे?"

सल्लागाराने भाऊसाहेबांकडे पाहिलं.

"नाही बसला," द्वारकाबाईने स्वतःच उत्तर दिलं. "चाला वं बायाहो. गरमी होऊन राह्यली, अन् चाळनी तशीच पडली." बायका उठल्या आणि चाळण्यांकडे गेल्या. ठराव मांडला गेला नाही, मतदान झालं नाही. मी इतिवृत्तात लिहिलं: 'नव्या प्रणालीचा विषय गरमीमुळे निकाली निघाला.' भाऊसाहेबांनी त्यावर सही केली. ते वाचत नाहीत.

मला मॅडम दिसतात त्या तशाच. सभेकडे पाठ, नारळ काखेत, एक हात भिंतीवरच्या प्लगवर दाबून धरलेला, कोणी पुन्हा काढू नये म्हणून. डोळे पडद्यावर. संगणक जुना होता, उठायला वेळ घ्यायचा. मग करडा पडदा आला. सुनंदा म्हणाली, "उगवलं, मॅडम. अर्धं होतं थेही."

"मंग पुरं कर," मॅडम म्हणाल्या आणि शाल काढून प्रिंटरवर टाकली. धूळ बसत नाही म्हणून ती अजून तिथेच आहे.

मागच्या थंडीत त्या गेल्या. आजारपण फार नव्हतं. शोकसभेत भाऊसाहेबांना हुंदका आला, आणि तो खोटा होता असं मला म्हणता येत नाही. फोटो त्यांनी स्वखर्चाने करून आणला, माळही त्यांनीच आणली आणि बटण दाबून तिचं उद्घाटन केलं. मॅडमचा हा प्रकाश अखंड तेवत राहील, असं ते त्या वेळी म्हणाले.

सुनंदा रोज सकाळी गोदाम उघडते, फोटोच्या माळेची वायर काढते आणि संगणकाची लावते. गोदाम उघडं असेपर्यंत मॅडम अंधारात असतात. प्लग लावायची जागा अजून एकच आहे.